पहिली गाडी घेताना कंपनीचं नाव कितपत धरायचं : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

शोरूमची पायरी चढायच्या आधीच आपल्याकडे निम्मी गाडी ठरलेली असते. काका म्हणतात, मारुतीशिवाय दुसरं बघूच नको, कुठंही बंद पडली तरी मेस्त्री मिळतो. मामा म्हणतो, टाटाचा पत्रा बघ, हाताला लागतो. गावाकडचा चुलता बोलेरोच्या खाली उतरायला तयार नाही. आणि ज्याला गाडी घ्यायची तो बिचारा यूट्यूब बघून तिसऱ्याच कंपनीवर जीव लावून बसलेला.

निष्ठा हा शब्द सीमाभागात जरा जपूनच वापरावा लागतो. १९५६ पासून इथली माणसं एका मागणीवर उभी आहेत, ते येड्यागबाळ्याचं काम नाही. पण तोच हट्ट बोनेटवरच्या बिल्ल्यासाठी धरला की पाच-सात वर्षं हप्ते फेडताना जाणवतं, आपण गाडी घेतली ती दुसऱ्याच्या आठवणींवर. मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत बरीच वर्षं काढली. एकाच भट्टीतलं लोखंड सकाळी एका कंपनीच्या साच्यात आणि दुपारी तिच्याशी भांडणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या साच्यात पडताना पाहिलं, तेव्हापासून माझा बिल्ल्यावरचा विश्वास थोडा पातळच झाला आहे. पूर्ण उडालेला नाही. काही ठिकाणी नाव धरावंच लागतं. कुठं धरायचं आणि कुठं सोडायचं, ते क्रमाने सांगतो.

पायरी १ : घरातली निष्ठा कागदावर उतरवा

एक कोरा कागद घ्या. घरातला प्रत्येक जण कोणत्या कंपनीचं नाव घेतो ते लिहा, आणि शेजारी का ते लिहा. कारण सांगताना वर्ष विचारायला विसरू नका. ‘टाटाच्या गाडीचं खालचं वाजतं’ असं कोणी म्हणालं तर विचारा, कोणती गाडी, कधीची? उत्तर बहुतेक वेळा पहिल्या इंडिकावर येऊन थांबतं. ती गाडी १९९८ च्या डिसेंबरात आली. तिच्या सुरुवातीच्या तक्रारी ऐकून कंपनीने २००१ मध्ये व्ही-टू आणली. पण मत तिथंच गोठलं. मारुतीचंही तसंच, फक्त उलट्या बाजूने. १९८३ मध्ये ‘८००’ आली तेव्हा समोर अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी, एवढंच. त्या काळात मारुतीला चिकटणं शहाणपणाचं होतं, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती. त्या दोन्ही जुन्या गाड्या आता बनत नाहीत. अ‍ॅम्बॅसडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, आणि ‘८००’ सुद्धा त्याच वर्षी बंद झाली.

दहा वर्षांपेक्षा जुनं कारण असेल तर त्यावर सरळ काट मारा. कागदावर जे उरेल ते ऐकण्यासारखं असतं. चुलत्याचं ‘आमच्या गावच्या रस्त्यावर बोलेरोच टिकते, मेस्त्री गावातच आहे’ हे कारण कालचंही आहे आणि आजचंही.

नव्याला घाबरणं आपल्याकडे काही नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला. शेतकरी म्हणे हात लावायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज. लाकडी नांगरावरची ती निष्ठा सुटायला दोन वर्षं गेली, असं सांगतात.

पायरी २ : गाडी कुठं कुठं फिरणार, ते आधी

कंपनी मागून. आधी महिनाभराचा हिशोब मांडा. टिळकवाडीतून कॅम्पात नोकरीला, मुलाला शाळेत, शनिवारी खडेबाजार. असं रोजचं तीन-चार किलोमीटर असेल तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका, मग ती कुठल्याही कंपनीची असो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स (धुराचे नवे, कडक नियम) डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. तिच्यात साठलेली काजळी जळायला गाडी तापून थोडा वेळ सलग पळावी लागते. गोवावेस ते चन्नम्मा सर्कल एवढ्या फेऱ्यांत ती कधीच साफ होत नाही. मग दिवा लागतो, शोरूमला फेरी होते आणि दोष कंपनीच्या माथी जातो. डिझेल त्यांच्यासाठी, ज्यांचं आठवड्याला दोनदा हुबळी किंवा पुणे होतं.

उलट, महिन्यातून दोनदा चोर्ल्याने गोव्याला जाणारा माणूस वेगळा. जांबोटी, कणकुंबी ओलांडलं की पावसाळ्यात वायपर, टायर आणि ब्रेक या तिघांवरच भिस्त असते. आंबोलीकडनं सावंतवाडीला उतरणाऱ्यांचं, रामनगर-अनमोडने जाणाऱ्यांचं तेच. अशा माणसाने ‘अ‍ॅव्हरेज किती?’ हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर ठेवावा. भरल्या गाडीत घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दम किती राहतो, उतरताना इंजिन धरतं किती, हे आधी बघावं.

आणि ज्याचं शेत आहे, त्याने गळिताच्या हंगामातला रस्ता डोळ्यांसमोर आणावा. संकेश्वर-चिक्कोडी पट्ट्यात रात्री बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या. तिथं हेडलाइटचा उजेड हा चैनीचा विषय राहत नाही. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला साधा बल्ब आणि वरच्याला चांगला दिवा असतो. म्हणजे फरक कंपनी-कंपनीत कमी आणि व्हेरियंट-व्हेरियंटमध्ये जास्त.

लांबीही मोजा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, त्याच्या पलीकडे ४० टक्के. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत राहणाऱ्याला चार मीटरच्या आतली गाडी तशीही बरी. वळवताना शेजाऱ्याच्या कट्ट्याला घासत नाही.

पायरी ३ : सर्व्हिसचं अंतर मोजा

नाव कुठं धरायचं याचं पहिलं उत्तर इथं आहे. तुमच्या दारापासून त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर किती लांब, आणि तिथं सुटे भाग शेल्फवर असतात की मागवावे लागतात?

निपाणीकराला कोल्हापूर साधारण चाळीस किलोमीटर, बेळगाव पंच्याहत्तरच्या आसपास. त्याने बेळगावातली शोरूम बघून कंपनी ठरवणं चुकीचं. त्याचं सर्व्हिसिंग कोल्हापूरलाच होणार. वॉरंटी आणि फ्री सर्व्हिस देशभर कुठंही चालते. गाडी केए पासिंगची आहे म्हणून कागलच्या पलीकडे कोणी अडवत नाही. खानापूरकराला बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर, त्याची तक्रार नाही. पण लोंढ्याच्या पुढे किंवा चंदगडच्या आतल्या गावात राहत असाल तर कंपनीचं सेंटर आणि गावातला मेस्त्री, दोघांचाही विचार करा. मेस्त्रीला जाऊन सरळ विचारा, ‘ह्या गाडीचं काम करतोस काय?’ तो मान हलवण्याआधी किती वेळ घेतो ते बघा. लगेच ‘हाय की’ म्हणाला तर ठीक. ‘बघू की, आण तर खरं’ म्हणाला तर तो शिकणार तुमच्या गाडीवर.

माझ्या एका जुन्या गाडीचा पुढचा दिवा जांबोटीजवळ म्हशीच्या शिंगाने फुटला. कंपनीचं नाव सांगत नाही. दिवा यायला ३८ दिवस लागले. तोवर मी एका डोळ्याची गाडी घेऊन दिवसाउजेडीच फिरलो, आणि लग्नसराईत संध्याकाळची तीन लग्नं बुडाली. ती गाडी चालवायला फार गोड होती, हेही सांगितलं पाहिजे. म्हणून तर पुन्हा तीच घ्यावी असं दोनदा मनात आलं. पण दिवा आठवला.

शोरूममध्ये जाऊन सेल्समनशी बोलण्याआधी मागच्या बाजूला, सर्व्हिसच्या अंगणात अर्धा तास उभे राहा. गाडी न्यायला आलेल्यांना विचारा, ‘मालक, कितीचं बिल झालं? किती दिवस ठेवून घेतली?’ आपल्याकडचा माणूस बिलाबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. समोरच्या काचेच्या खोलीत जे कळणार नाही, ते तिथं कळतं.

कंपनी उद्या देशात राहील का, हाही याच पायरीचा प्रश्न. शेवरोलेची विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. सुटे भाग आणि सर्व्हिस चालू ठेवू असं त्या वेळी सांगण्यात आलं, तरी जुन्या बाजारातला भाव त्या बातमीच्या दिवसापासूनच उतरायला लागतो. फोर्डवाले आजही आपल्या गाडीच्या स्टिअरिंगचं कौतुक करताना थकत नाहीत, आणि त्यांचं कौतुक खोटं नाही. पहिली गाडी घेणाऱ्याने मात्र ज्या कंपनीची गाडी रस्त्यावर दर पाच मिनिटांनी दिसते, तिला एक गुण जास्त द्यावा. फक्त एकच.

पायरी ४ : बिल्ला झाकून गाडी बघा

मित्रामित्रांत स्विफ्ट की इंडिका व्हिस्टा यावर भांडणं व्हायची तो काळ आठवतो? दोन्ही डिझेल गाड्यांचं इंजिन एकच होतं, फियाटचं १.३ लिटरचं. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट, आणि ज्याने ते बनवलं त्या फियाटच्या पुंतोत ते मल्टिजेट होतं. ‘मारुतीचं डिझेल इंजिन म्हणजे बघायला नको’ असं म्हणणारा माणूस इटलीच्या इंजिनाची स्तुती करत असायचा. २०२० मध्ये नवे नियम आले आणि ते इंजिन गेलं. खुद्द फियाटला मात्र त्या इंजिनाच्या जोरावर इथं गिऱ्हाईक फारसं मिळालं नाही.

आज तर हे उघडच चालतं. टोयोटाची ग्लान्झा म्हणजे मारुतीची बलेनो, रुमियन म्हणजे अर्टिगा, टायसर म्हणजे फ्राँक्स. आणि मारुतीची इन्व्हिक्टो म्हणजे टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस, ती बनते बिडदीला. (टोयोटाच्या त्या कारखान्यात भागीदार किर्लोस्कर. बेळगावच्या सायकलीच्या दुकानाचा धागा असा तिथवर जातो.) फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया, निसान मॅग्नाइट आणि रेनो कायगर या जोड्यांतही आतला सांगाडा आणि इंजिन एकच, वरचं अंग तेवढं वेगळं.

अशी जोडी समोर आली की नवख्याचं काम सोपं होतं, कारण गाडी जवळपास तीच आहे. कागदावर चारच ओळी मांडा: ऑन-रोड किंमत, वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, सर्व्हिस सेंटरचं अंतर, तीन वर्षं जुन्या गाडीला आज काय भाव येतो. ज्या बाजूला तीन ओळी जातील ती घ्या. लोगोसाठी हजारो रुपये जास्त मोजायचे असतील तर मोजा, पैसे तुमचे. पण गाडी वेगळी आहे अशी स्वतःची समजूत घालू नका.

पायरी ५ : स्टार मॉडेलचे असतात, कंपनीचे नसतात

‘पत्रा जाड’ ही आपल्याकडची सुरक्षिततेची व्याख्या. दारावर बोटाने टकटक करून माणसं गाडी पास करतात. धडकेत माणूस वाचतो तो पत्र्याच्या जाडीने नव्हे. आतला सांगाडा, बसायच्या जागेभोवतीची चौकट, सीटबेल्ट, एअरबॅग आणि धक्का पोटात घेऊन चुरा होणारा पुढचा भाग हे सगळं मिळून त्याला वाचवतं. पुढचा भाग चुरा झाला म्हणजे गाडी ‘कागदाची’ असा अर्थ होत नाही. तो चुरा व्हायलाच बनवलेला असतो.

आता कंपनीच्या नावाने सुरक्षितता विकत घेता येते का ते बघा. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या मुद्दाम धडकवून सुरक्षिततेचे स्टार देणारी संस्था) चाचणीत पाच स्टार मिळाले. त्याच कंपनीच्या बोलेरो निओला २०२४ मध्ये एक. मारुतीच्या स्विफ्टला २०२२ मध्ये एक स्टार होता, आणि नव्या डिझायरला २०२४ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच. ज्याने ‘मारुती म्हणजे पत्र्याचा डबा’ म्हणून डिझायर बघितलीच नाही, तो चुकला. आणि ज्याने ‘महिंद्रा म्हणजे रणगाडा’ म्हणून निकाल न वाचता गाडी घेतली, तोही चुकला.

१ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू आहे. तुम्ही बघताय त्या मॉडेलचा निकाल तिथं शोधा. निकालात मोठ्यांचे आणि लहान मुलांचे स्टार वेगळे असतात, दोन्ही वाचा. चाचणी झालीच नसेल तर सेल्समन ‘मागच्या मॉडेलला होते’ म्हणेल. मागचं मॉडेल तुम्ही घेत नाही आहात.

पायरी ६ : पासिंग कुठलं?

सीमेवर राहणाऱ्याला हा मोह होतोच. कर्नाटकात गाडीचा आजीव कर जास्त आहे. पाच लाखांपर्यंत १३ टक्के, पाच ते दहा लाख १४, दहा ते वीस लाख १७, त्यावर १८, आणि वरून उपकर. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११. मग कोणीतरी सुचवतं, ‘गडहिंग्लजच्या आत्याच्या पत्त्यावर कर की, एमएच ०९ घे.’

ऐकू नका. गाडी जिथं राहता आणि ठेवता तिथंच नोंदवायची, असं कायदा म्हणतो. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर नंबर बदलून घ्यावा लागतो, आणि मग इथला कर भरावाच लागतो. अडवलं की दंड वेगळा. अपघाताचा दावा करायची वेळ आली आणि पत्त्याचा घोळ निघाला तर आत्याही काही करू शकत नाही.

त्यापेक्षा दहा लाखांच्या रेषेवर नजर ठेवा. नऊ लाख नव्वद हजारांच्या गाडीला १४ टक्के आणि दहा लाख दहा हजारांच्या गाडीला १७ टक्के, तेही पूर्ण रकमेवर. म्हणजे वीस हजारांनी महाग असलेला वरचा व्हेरियंट कर धरून पन्नास हजारांच्या पुढे महाग पडतो. आवडत्या कंपनीचा वरचा व्हेरियंट घेण्याच्या भरात ही उडी कोणी बघत नाही, आणि कोटेशन देणारा स्वतःहून दाखवत नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीमुळे आपल्याकडे घरटी कोणी ना कोणी लष्करात. सेवेत असलेल्यांनी बीएच सिरीजची, म्हणजे देशभर चालणाऱ्या नंबरची, चौकशी जरूर करावी: कर दोन-दोन वर्षांनी भरायचा, दहा लाखांच्या आत ८ टक्के, वीसपर्यंत १०, वर १२, डिझेलला दोन टक्के जास्त. बदली झाली की नंबर बदलायची कटकट नाही. कॅन्टीनमधून कोणती मॉडेल मिळतात तेही बघा. तिथल्या यादीत आवडती कंपनी नसेल तर निष्ठेची किंमत थेट रुपयांत समोर येते.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एवढंच: गोवा पासिंगची स्वस्त गाडी दिसली की आधी एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मिळतो का ते पक्कं करा, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ बघा, इथं किती कर बसेल ते आरटीओतून काढा, आणि गाडी वर उचलून खालचा गंज बघा. समुद्राची हवा बिल्ला बघत नाही. २०२३ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल तिच्या रबरी नळ्यांना चालतं का, ते मॅन्युअलमध्ये वाचा. ते इथेनॉल आपल्याच उसातनं निघतं, पण ते आपलं आहे म्हणून नळ्यांना काही फरक पडत नाही.

पायरी ७ : टेस्ट ड्राइव्ह

एकट्याने करू नका. पाच माणसं भरा, त्यांत नऊवारीतली आजी हवीच. तिला चढता-उतरता आलं नाही तर ती गाडी घरात रोज भांडण लावणार. शोरूमवाला गुळगुळीत रस्त्याने नेऊन आणतो. तुम्ही सांगा, अमुक गल्लीतला गतिरोधक घ्यायचा आहे. भरली गाडी खाली घासली की ब्रोशरमधली उंची विसरा. डिक्कीत गणपतीचं मखर किंवा दोन पोती बसतात का, तेही बघून घ्या.

पायरी ८ : कोटेशन, आणि ‘लॉयल्टी बोनस’

घरातली जुनी गाडी त्याच कंपनीची असेल आणि ती देऊन नवी घेत असाल तर सेल्समन लॉयल्टी बोनस पुढे करतो. शब्द गोड आहे. हिशोब असा करा. समजा, जुन्या गाडीला शोरूम दोन लाख दहा हजार देते आणि वर वीस हजार बोनस. बाहेरचा माणूस त्याच गाडीला दोन लाख पंचेचाळीस देतो. म्हणजे निष्ठेचं बक्षीस घेऊन तुम्ही पंधरा हजार गमावले. बोनसच्या आकड्याकडे न बघता शेवटी खिशातून किती जाणार, तेवढंच विचारा, आणि दुसऱ्या कंपनीच्या शोरूमलाही जुनी गाडी दाखवून त्यांचा आकडा घ्या. त्यांना तुम्हाला फोडायचं असतं, त्यामुळे कधी कधी ते जास्त देतात.

विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती कोणी करू शकत नाही. बाहेरून कोटेशन आणा आणि समोर ठेवा. बहुतेक वेळा शोरूमचा आकडा तिथल्या तिथे खाली येतो. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की नव्या गाडीला, मग ती कुठल्याही कंपनीची असो, तो लावता येतो. वर्षानुवर्षांच्या सांभाळून चालवण्याचं खरं बक्षीस हे, आणि नेमकं हेच माणसं शोरूममध्ये विसरून येतात.

हँडलिंग चार्ज कशाचा ते विचारा. कोटिंगची पॅकेजेस सोडून द्या. मॅट आणि मडफ्लॅप घ्या, आपल्या लाल मातीत लागतातच. बाहेरच्या दुकानातून हॉर्न किंवा दिवे बसवताना वायर कापू देऊ नका, कपलर लावूनच बसवायला सांगा. कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकलची वॉरंटी हात वर करते. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घरी आणायची असेल तर महिनाभर आधी बुक करा, आणि पैसे भरायच्या आधी चासीस नंबरवरून गाडी कोणत्या महिन्यात बनली ते काढून घ्या. यार्डात आठ महिने ऊन-पाऊस खाल्लेली गाडीही हार घातल्यावर नवीच दिसते.

पायरी ९ : ऑइल, टायर, बॅटरी

गाडी घरी आली की निष्ठेचा दुसरा अध्याय सुरू होतो. आमच्याकडच्या जुन्या मेस्त्रींना अजून बॉश म्हटलं की कळत नाही असं नाही, पण तोंडात ‘मायको’ हे तिचं इथलं जुनं नावच येतं. ट्रकवाल्या अण्णांच्या तोंडी म्हैसूरचा ‘विक्रांत’ टायर. तो कारखाना १९९७ मध्ये जेके कडे गेला, नाव मात्र जिभेवरून गेलं नाही.

इंजिन ऑइलला कंपनी शेवटी बघा. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असा आकडा असतो, आणि एपीआय किंवा एसीईएचा दर्जा लिहिलेला असतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा तापल्यावर किती दाट राहतं ते. हे जुळलं की कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं चालतं. ‘आम्ही घरात पहिल्यापासून अमुकच ऑइल टाकतो’ म्हणून बाबांच्या जुन्या गाडीचं २०डब्ल्यू-५० नव्या गाडीत ओतणारे मी पाहिलेत. डीपीएफवाल्या डिझेलला तर कमी राख करणारं, मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच ऑइल हवं, नाहीतर ती जाळी तुंबते. कूलंटचा रंग बघून भर घालू नका; हिरवा, लाल हे रंग कुठलंही प्रमाण नाहीत, प्रकार वाचा.

ब्रेक ऑइलकडे कोणी बघत नाही, म्हणून इथं थोडं थांबतो. ते हवेतलं पाणी शोषतं. कणकुंबीच्या पावसात दोन वर्षं काढलेलं ऑइल चोर्ला उतरताना सतत ब्रेक दाबल्यावर आत उकळतं, वाफ होते, आणि पेडल मऊ लागून तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदला, डॉट ३ की डॉट ४ ते झाकणावर लिहिलेलं असतं. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

टायरला मात्र निष्ठा लागते, पण ती जोडीपुरती. एका अ‍ॅक्सलवर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. एक जुना एमआरएफ आणि एक नवा सिएट अशी जोडी ओल्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते. दोनच नवे घेत असाल तर ते मागे लावा. दुकानदार हसेल, हसू दे. साइज आणि लोड इंडेक्स दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. आवडत्या कंपनीचा तीन वर्षं गोदामात पडलेला टायर घेण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचा ताजा घ्या.

सुट्या भागांत ‘ओरिजिनल’, ‘कंपनीचा’, ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे चार वेगळे शब्द आहेत, आणि काउंटरवर ते मुद्दाम एकात एक मिसळले जातात. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला क्लच किंवा फिल्टर बहुतेक वेळा दुसऱ्याच कारखान्याने बनवलेला असतो. तोच कारखाना स्वतःच्या नावाच्या डब्यातही तो विकतो, स्वस्तात. तो बिनधास्त घ्या. डुप्लिकेट म्हणजे नाव चोरलेला माल. होलोग्राम, क्यूआर कोड, छापील किंमत बघा आणि पक्कं बिल मागा. बिल मागितल्यावर दुकानदाराने भाव बदलला तर समजून जा. ब्रेकचे लायनर, स्टिअरिंगचे भाग, एअरबॅग यांत ‘लोकल’ नको म्हणजे नको. वायपर, बल्ब, मॅट यांत चालतं.

बॅटरी घेताना अ‍ॅम्पिअर-अवर, टर्मिनल उजवं की डावं हे जुळवा. सिग्नलला आपोआप बंद पडून चालू होणारी गाडी असेल तर तिला साधी बॅटरी टिकत नाही, ईएफबी किंवा एजीएम लागते. वॉरंटी ‘३६ अधिक ३६’ लिहिली असेल तर पहिल्या तीन वर्षांत बदलून फुकट, पुढच्या तीन वर्षांत फक्त किमतीत सूट. सहा वर्षं फुकट असं सांगून विकणारे भेटतात. कार्डावर तारीख आणि शिक्का तिथंच मारून घ्या, आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. कार्ड ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलं की पहिल्याच पावसाळ्यात त्याची शाई जाते.